वीस ग्लास पाऊस

हां, तर काल मास्तर उलटी झालेली छत्री घेऊन पोस्टाच्या दारात उभे होते आणि नेमकी मला जेवायला हाक आली. तिथूनच पुढं धरतो. सदरा अंगाला चिकटलेला, चष्म्याच्या काचांवरून पाणी ओघळतंय, आणि माणूस मात्र असा शांत, जणू एखादं बटण लावायचं राहिलं म्हणून परत आलाय. मला म्हणाले, "टपालराव, लिहा. वीस ग्लास."

काल जे नव्हते त्यांच्यासाठी दोन पावलं मागं जातो. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमचे मास्तर शिंपी. खालच्या आळीत, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी त्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, मध्ये पडदा, आणि पडद्यामागून वहिनींचा आवाज. मास्तरांच्या गळ्यात टेप, कानावर खडू, तोंडात टाचण्या. टाचण्या असल्या की ते बोलत नाहीत, आणि टाचण्या कायमच असतात, म्हणून लोक त्यांना अबोल समजतात. मी तेव्हा पोस्टात कारकून. पोस्टाच्या मागच्या आवारात दगडी ओट्यावर पाऊस मोजायचं यंत्र होतं. यंत्र कसलं, वर नरसाळं, त्याखाली बाटली, आणि बाटलीभोवती पत्र्याचा डबा. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी रेघा मारलेल्या काचेच्या ग्लासात ओतायचं, आकडा घ्यायचा, आणि तो मी तारेनं वरच्या कचेरीला कळवायचा. काठोकाठ एक ग्लास म्हणजे वीस मिलिमीटर पाऊस.

पूर्वी हे मोजण्याचं काम आमच्या पोस्टातल्याच एका महाशयांकडे होतं. ते खिडकीतून हात बाहेर काढून पाऊस मोजत. हाताला लागला तर पाच, नाही लागला तर शून्य. एकदा वरचे साहेब तपासणीला आले. बाहेर रणरणतं ऊन आणि वहीत त्या सकाळचा पाच मिलिमीटर पाऊस. शोध घेतला तर वरच्या मजल्यावरच्या बाईंनी धुणं वाळत घातलं होतं. साहेबांनी रस्त्यावर येऊन चार माणसांना विचारलं, "इथं नीट माप घेणारं कुणी आहे की नाही?" चौघांची बोटं एकाच दुकानाकडे गेली. तेव्हापासून पाऊस मास्तरांकडे. एकोणतीस वर्षं त्यांनी तो मोजला. एक दिवस चुकवला नाही, स्वतःच्या बहिणीच्या लग्नाचासुद्धा नाही. लग्न साडेनऊचं होतं.

मास्तरांची मापाची रीत ठरलेली. दोनदा मोजायचं, मोठ्यानं सांगायचं, आणि लिहायचं दुसऱ्यानं. दुकानात ते टेप लावून आकडा बोलत आणि पडद्यामागून वहिनी तो वहीत उतरवत. मी एकदा विचारलं, "स्वतः का लिहीत नाही हो?" तर म्हणाले, "मोजणारानंच लिहिलं की त्याला आपल्या आवडीचा आकडा दिसायला लागतो." आणि माप डोक्यात तर ते कधीच ठेवत नसत. डोक्यात माप ठेवणारा शिंपी एकाची विजार दुसऱ्याला घालतो, हे त्यांचं ठाम मत.

तर त्या दिवशीचा पाऊस. आदल्या सकाळपासून आभाळ जे फाटलं ते शिवायला कुणी नव्हतं. बाटलीत मावतात दहा ग्लास. मास्तरांनी ओळखलं की ही आज पुरायची नाही, म्हणून दर दोन-तीन तासांनी ते पायऱ्या चढून यायचे, बाटली उपसायचे, परत जायचे. उजाडेपर्यंत हेच. कागदावर लिहावं तर कागदाचा लगदा. तेव्हा त्यांच्याकडे बँडवाल्यांचे कोट शिवायला आले होते, त्यांची पितळी बटणं त्यांनी डाव्या खिशात भरून घेतली. एक ग्लास ओतला की एक बटण डावीकडून उजवीकडे. सकाळी उजव्या खिशातली बटणं मोजली. वीस. मग माझ्या दारात येऊन ते म्हणाले ते तुम्ही ऐकलंत.

मी तार केली, ते घरी गेले. बटणं नंतर हिरवी पडली, बँडवाले म्हणाले, "आम्हाला शेवाळलेले कोट नकोत," आणि मास्तरांनी नवी बटणं लावून दिली. वहिनी त्यावर महिनाभर बोलत होत्या. गोष्ट तिथं संपली, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

चौतीस वर्षं गेली. पोस्टातून मी सुटलो, पावसाच्या डब्याची जागा एका खांबावरच्या यंत्रानं घेतली आणि मास्तरांच्या हातून पाऊस गेला. शिलाई तेवढी राहिली. मग गेल्या वर्षी आळीत एक तरुण बाई आली. पायात चिखलाचे बूट, पाठीला पिशवी. वरच्या धरणाच्या सुरक्षिततेची फेरतपासणी तिच्याकडे होती. मास्तरांच्या दुकानात मी बसलेलोच असतो, त्यामुळे पहिल्या वाक्यापासून साक्षीदार आहे.

ती म्हणाली, "मास्तर तुम्हीच ना? एका पावसाबद्दल विचारायचंय."

"कोणत्या?"

तिनं तारीख सांगितली. मास्तरांनी टाचण्या काढल्या. तेवढ्यावरूनच मी ओळखलं, प्रकरण साधं नाही.

पोरगी हुशार, आणि मुख्य म्हणजे समजावून सांगायचा कंटाळा नसलेली. धरण बांधताना एक प्रश्न असतो म्हणाली: या डोंगरात जास्तीत जास्त केवढा पाऊस पडू शकेल? कालपरवा पडला तेवढा नव्हे, कधीतरी पडू शकेल तेवढा. त्यासाठी आजवर पडलेले मोठ्यात मोठे पाऊस घ्यायचे, हवेत आणखी ओल असती तर ते किती वाढले असते याचा हिशोब करायचा, आणि तो सगळा पाऊस धरणाच्या डोक्यावर ओतून बघायचा, कागदावर. मग नदीला किती पाणी येईल, सांडव्यातून किती निघून जाईल, आणि बाकीचं धरणाच्या माथ्याखाली राहील की वरून जाईल, ते काढायचं. आमचं धरण मातीचं. मातीच्या धरणावरून पाणी गेलं की माती पाण्याबरोबर जाते, आणि मग खाली कोण राहतं ते पाणी विचारत नाही.

खाली राहतो आम्ही.

"नव्या हिशोबात पाणी माथ्यावरून वीतभर वर जातंय," ती म्हणाली. "आणि तो सगळा हिशोब तुमच्या एका आकड्यावर उभा आहे. चारशे ऐंशी."

उपाय काय, तर धरणात पाणी कमी साठवायचं आणि खालची आळी उठवायची. ऐंशी घरं. वर माळावर नवीन जागा मिळणार होती. पडद्यामागून लगेच आवाज आला, "माळावर काय शेळ्यांना झबली शिवायची का?"

ती पोरगी हसली, पण थोडंच. म्हणाली, "मला तो आकडा खोटा ठरवायचा नाहीये. खरा आहे का तेवढं बघायचंय. आजूबाजूच्या दोन ठिकाणी त्या दिवशी तीनशे सत्तर आणि तीनशे पंचावन्न लागलाय. तुमचाच एवढा उंच कसा?"

मास्तर म्हणाले, "आठवत नाही. मी माप डोक्यात ठेवत नाही. शोधून सांगतो."

झालं. ती वळते न वळते तोच आळी दुकानात. कुलूपवाला म्हणाला, "मास्तर, तीनशे सांगून टाका. त्या पावसाला साक्षीला बोलावणार आहेत का?" इस्त्रीवाला त्याच्याही पुढचा, "तीनशे कशाला, अडीचशे सांगा. घासाघीस होईलच." जणू भाजीचा भाव. मास्तर खाली मान घालून काज करत होते. काज पुरं झालं, दोरा दातानं तोडला, आणि म्हणाले, "आणि तो खरंच चारशे ऐंशी असला तर?"

कुलूपवाल्यानं मान वळवून धरणाच्या बाजूला बघितलं.

"तर मग माझी मशीन कोणत्या गाडीत मावेल ते बघायला लागेल," म्हणाले, आणि टेप काढून खरोखरच मशीनची लांबी घेतली. वहिनींनी ती लिहून घेतली नाही. सबंध लग्नात त्यांनी न लिहिलेलं ते एकच माप असेल.

पुढचे दोन दिवस मास्तरांना जेवण गेलं नाही. मला वाटलं, घर जाणार म्हणून. पायऱ्यांवर बसलो असताना मी तसं म्हणालो, तर म्हणाले, "घराचं नाही हो, टपालराव. आकडा कमी निघाला तर मी म्हणणार कमी आहे, आणि माझंच दुकान वाचणार. कोण विश्वास ठेवेल? मीसुद्धा ठेवला नसता." त्यांच्या खऱ्याला खोट्याचा वास येणार होता, हे त्यांना खात होतं.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी पलंगाखालून पेट्या ओढल्या. बाई अशी की तुटलेली सुईसुद्धा फेकत नाही. पन्नास वर्षांच्या मापांच्या वह्या एकावर एक. निम्म्या आळीची ढेरी कोणत्या साली सुटायला लागली त्याचा पुरावा त्यात आहे. माझाही आहे, मी ते पान फाडायला मागितलं, मिळालं नाही. संध्याकाळी ती पोरगी आली तेव्हा वहिनी वही उघडून तयार.

"हे बघ बाळ. हे बँडवाल्यांच्या म्होरक्याचं माप. मी हे परत उतरवत बसले होते आणि हे दारातून ओरडत आले, म्हणून त्याखालीच लिहिलं."

पानावर होतं: छाती बेचाळीस, बाही चोवीस, मनगट नऊ, पाऊस वीस ग्लास.

पोरगीनं दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाली, "विसा विसा चारशे."

"चारशे," मास्तर म्हणाले.

"मग वरचे ऐंशी कुठून आले?"

वहिनींचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी शिलाई मशीनवरचं आच्छादन ओढून तिच्या मांडीवर टाकलं. कडेनं हिरवी पडलेली पितळी बटणं शिवलेली. "फुकट गेली म्हणून लावून टाकली. मोज." तिनं मोजली. एकोणीस. मास्तरांचा चेहरा पडला. वहिनींनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्यापुढं धरला; त्यात विसावं बटण अडकवलेलं होतं. "मला किल्ल्या अंधारात सापडायला नकोत?" म्हणाल्या.

"बटणं अहवालात पुरावा म्हणून चालणार नाहीत," ती पोरगी म्हणाली, "पण मला चालतील." आणि तिनं लॅपटॉप उघडला. "कचेरीतल्या छापील तक्त्यात चारशे ऐंशी आहे, म्हणून मी मुळापर्यंत गेले. इथल्या पोस्टातली तारांच्या नकलांची वही सापडली. हे तिचं पान. यातही चारशे ऐंशीच आहे. हे अक्षर कुणाचं, ओळखता का कुणी?"

मी ओळखलं. माझा चार कायम पोट सुटलेला असतो.

आता तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षांत मी ते विसरलो होतो, हे खोटं नाही, आणि पुरतं खरंही नाही. त्या सकाळी वीस ग्लास ऐकून मी चारशे मांडलं, आणि मग थांबलो. पावसानं पोस्टातच अडकलेला मी रात्रभर खिडकीतून त्या ओट्याकडे बघत होतो. डब्याच्या चहूबाजूंनी पाणी उसळत होतं. मला वाटलं, बाटली भरून वाहून गेली असणार, आणि मास्तर भिडस्त, मिळालं तेवढंच सांगतायत. धरणाचा मामला, कमी कळवलं आणि उद्या काही झालं तर? मला वाटलं, मास्तर स्वतः प्रत्येक कपड्यात माया सोडतात. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं दोन बोटं जादा कापड, पुढंमागं माणूस सुटला की उसवून सैल करायला. म्हटलं, आपणही थोडी सोडू. पाचवा हिस्सा वाढवला. तार गेली. मला तर त्या दिवशी फार जबाबदार माणूस झाल्यासारखं वाटलं होतं.

हे सगळं मी तिथं, त्या स्टुलावर बसून सांगितलं. वहिनींनी पाणी दिलं, तेही न बोलता, म्हणजे बघा.

पोरगी रागावली नाही. तिनं मास्तरांना विचारलं, "बाटली भरून वाहिली होती का कधी?"

खोटं बोलायचं असतं तर हीच वेळ होती. मास्तर म्हणाले, "हो. एकदा. मला यायला उशीर झाला. बाटली गळ्यापर्यंत भरून पाणी खाली डब्यात उतरलं होतं. दीड ग्लास निघालं. ते विसातच आहे."

"डब्याबाहेर?"

"डबा अर्धासुद्धा भरला नव्हता. बाहेर कुठून जाईल?"

"मग काकांनी काय बघितलं?"

"ओटा बघितला. दगडावर पडून उसळतं ते. टपालरावांनी तीस वर्षं तारा केल्या, पण डबा आत कसा असतो ते एकदाही उघडून पाहिलं नाही."

ते खरं आहे. आजही मी तो डबा आतून पाहिलेला नाही, आणि आता तो नाहीच.

ती पोरगी चारशे आकडा घेऊन गेली. तेवढ्यावर तिनं मानलं नाही, बरं का. पुलाच्या खांबावरची त्या पुराची खूण मोजली, शेजारच्या दोन ठिकाणांचे कागद पुन्हा काढले. चारशे त्यांच्यात भावांत भाऊ शोभावा तसा बसला. आणि तिला आणखी गंमत सापडली. माझे ऐंशी वर जाऊन थांबले नव्हते. पावसाचा हिशोब करणाऱ्या टेबलानं त्यावर "सुरक्षिततेसाठी" म्हणून काहीतरी चढवलं, पुराचा हिशोब करणाऱ्यानं त्यावर आणखी. हवेतल्या ओलीसाठी जी वाढ धरायची ती वेगळीच, ती रास्त, ती तिनं ठेवली. बाकीचं सगळं उसवलं.

अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत मी मास्तरांच्या दुकानात गेलो नाही असा एक दिवस नाही, आणि धड बसलो असाही एक दिवस नाही. मास्तर मला एक अक्षर बोलले नाहीत. उलट माझ्या कोटाची बाही उसवली होती, ती न सांगता शिवून दिली. त्याचं मला जास्त लागलं.

मग एका दुपारी ती आली. पायात तेच बूट. दारातूनच म्हणाली, "मास्तर, मशीन हलवू नका."

सगळ्यात वाईट पावसात, सगळ्यात वाईट पुरात, पाणी धरणाच्या माथ्याखाली हातभर राहतं. लाटांसाठी माथ्यावर कमरेइतकी भिंत बांधायची, सांडव्यात माजलेली झाडं काढायची, आणि दर पाच वर्षांनी सगळं पुन्हा तपासायचं. आळी आहे तिथं राहील. कुलूपवाला आणि इस्त्रीवाला एकमेकांच्या गळ्यात पडले; त्यांचं सात वर्षं बोलणं नव्हतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद झालं. वहिनी पडद्याबाहेर आल्या, मशीनवर आच्छादन घातलं, चारी कोपरे ओढून नीट केले, आणि मगच डोळ्याला पदर लावला. मी? मी पायऱ्यांवर जाऊन बसलो. अडीच महिन्यांनी माझ्या पोटात भुकेसारखी भूक लागली होती.

भिंत आता बांधून झाली आहे. मास्तर आणि मी चालत जाऊन बघून आलो. मास्तरांनी टेप काढून ती मोजली, आकडा मोठ्यानं सांगितला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "लिहा. पण आहे तेवढाच." चौतीस वर्षांचा हिशोब त्यांनी तेवढ्यात मिटवला.

एक सांगायचं मुद्दाम मागं ठेवलं होतं. त्या संध्याकाळी, माझी कबुली झाल्यावर, लॅपटॉप मिटण्याआधी त्या पोरगीनं मास्तरांना शेवटचा प्रश्न विचारला होता. "मास्तर, राग मानू नका, पण मला विचारावंच लागेल. तुम्ही प्रत्येक कपड्यात माया सोडता. त्या पावसातही थोडी सोडली असेल ना?" मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या. मग जे म्हणाले ते तिनं तिथल्या तिथं टिपून घेतलं आणि अहवालाच्या मागं जसंच्या तसं जोडलंय, मी पाहिलंय:

"माप आहे तेवढंच घ्यायचं, मॅडम. माया नंतर कापडात सोडायची, एकदाच, आणि कुठं सोडलीय ते सांगून. मापातच घेतली, की पुढचा कापणारा आणखी घेतो, त्याच्या पुढचा आणखी, आणि शेवटी एका सदऱ्यात नवरा-बायको दोघं मावतात. पण धरणाला माया सोडायची वेळ येईल ना, तेव्हा हात आखडू नका. मी त्याच्या खालीच राहतो."